गेरूची खूण आणि संगणकातील मथळे

समजा, खांडबाऱ्याच्या शाळेतील मुलांनी गोळा केलेला गावाचा इतिहास आपण संगणकावर लिहिला. पाने शंभरावर गेली. आता त्यातले ‘सुरत-भुसावळ लोहमार्ग’ हे प्रकरण चटकन कसे काढावे?

अडचण जुनीच आहे. हस्तलिखित पोथ्यांत मजकूर सलग असे आणि अध्यायाचे नाव शेवटी, ‘इति’ म्हणून येई. ते नजरेत भरावे म्हणून लेखनिक त्यावर गेरू लावीत किंवा ते तांबड्या शाईने लिहीत.

९ डिसेंबर १९६८ रोजी सान फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी संगणकाच्या पडद्यावर बाजाराची यादी दाखवली. तीत वस्तू मथळ्यांखाली लावल्या होत्या. तपशील मिटवून नुसते मथळे पाहता येत. मथळा कोणता, हे येथे संगणकालाही ठाऊक होते.

आपण चुकतो ते नेमके येथे. अक्षरे नुसती ठळक करणे म्हणजे गेरू लावणे. ते डोळ्यांना कळते, संगणकाला नाही. मथळ्याला ‘हेडिंग’ ही शैली दिली, की वर्डच्या २०१० पासूनच्या आवृत्त्यांत ‘नेव्हिगेशन पेन’ उघडून सारे मथळे ओळीने दिसतात. हव्या त्यावर क्लिक केले, की आपण थेट त्या प्रकरणापाशी पोचतो.

मुलांना अक्षरे ठळक करायला शिकवण्याआधी हा भेद सांगायला हवा.