कोस्टिला काउंटीतील स्वावलंबी वस्ती

कोस्टिला काउंटी ही अमेरिकेच्या कॉलोराडो राज्याच्या दक्षिण सीमेवरील ग्रामीण काउंटी आहे. २०२०च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ३,४९९ होती. सान लुइस हे प्रशासकीय केंद्र १८५१मध्ये वसले असून ते राज्यातील सर्वांत जुने गाव मानले जाते. स्वस्त जमिनीमुळे वीज व पाण्याच्या सार्वजनिक जोडणीविना राहू इच्छिणारे लोक येथे स्थायिक होतात. तेथे टिकून राहणे मात्र जमिनीपेक्षा पाण्यावरील हक्कावर अधिक अवलंबून असते.

== जमीन व हवामान ==

१९७०च्या दशकात काउंटीतील विस्तीर्ण जमिनींचे सुमारे ५ एकरांचे भूखंड पाडून ते विकण्यात आले. यांपैकी अनेक भूखंडांवर वीज, नळ किंवा पक्का रस्ता नाही. सान लुइस खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर असून सपाट भागात वर्षाला सुमारे १८ ते २५ सेंटिमीटर पर्जन्य होते. स्वच्छ ऊन सौरऊर्जेस अनुकूल आहे. तथापि पिकांचा धुकेविरहित काळ नव्हे, तर हिमतुषारमुक्त काळच जेमतेम तीन महिन्यांचा असतो.

== पाण्याचे हक्क ==

कॉलोराडोत पाण्याचा वापर प्रथम सुरू करणाऱ्याचा हक्क अग्रक्रमाचा ठरतो. ३५ एकरांपेक्षा लहान भूखंडावरील नव्या विहिरीला बहुधा केवळ घरातील वापरासाठी परवाना मिळतो. त्या पाण्यावर परसबाग किंवा जनावरे पोसता येत नाहीत. २०१६च्या कायद्याने छतावरील पावसाचे पाणी साठवण्यास मुभा दिली, पण ती दोन पिंपांत मिळून ११० गॅलन (सुमारे ४१६ लिटर) इतकीच आहे. त्यामुळे अनेक रहिवासी टाकीत पाणी वाहून आणतात.

== सामुदायिक व्यवस्था ==

जुन्या हिस्पॅनिक गावांची शेती 'असेकिया' या सामाईक पाटांवर चालते. सान लुइसच्या पाटाचा हक्क १८५२चा असून तो राज्यातील अखंड वापरात असलेला सर्वांत जुना हक्क आहे. 'मायोरदोमो' हा पाटकरी पाण्याच्या पाळ्या ठरवतो व सभासद मिळून पाटांची साफसफाई करतात. २००२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ वसाहतकारांच्या वारस जमीनधारकांचे डोंगरावरील चराई, सरपण व इमारती लाकूड यांचे हक्क मान्य केले.

== आपत्ती ==

दुष्काळ, कडाक्याची थंडी व वणवे हे येथील मुख्य धोके आहेत. जून २०१८मध्ये फोर्ट गारलँडजवळ सुरू झालेल्या स्प्रिंग क्रीक वणव्यात कोस्टिला व वेर्फानो काउंट्यांतील १,०८,००० एकरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि शंभराहून अधिक बांधकामे नष्ट झाली. गंभीर उपचारांसाठी रहिवाशांना शेजारच्या काउंटीतील अलामोसा शहर गाठावे लागते. एकाकी भूखंडावर पाणी, इंधन व वाहन या तिन्हींचा साठा किंवा सोय कुटुंबालाच करावी लागते. पाटांवरील गावांत पाणी व सरपण यांचे हक्क सामाईक असल्याने हा भार वाटला जातो.