केईएममधले तीन तास

परळच्या केईएम रुग्णालयात 16 फेब्रुवारी 1968 रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. केप टाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी जगातले पहिले केले, त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण सुमारे तीन तास जगला. तेव्हापासून ही घटना एकतर ‘भारतात पहिली’ म्हणून मिरवली जाते, नाहीतर फसलेली घाई म्हणून मोडीत काढली जाते. मृत्यूचे कारण पाहिले तर दोन्ही निवाडे अपुरे ठरतात. परका अवयव शरीर नाकारते खरे, पण त्या नकाराला सहसा दिवस लागतात, तास नव्हे. इथे रुग्णाच्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा विरोध फार वाढलेला होता. अशा रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाचा उजवा कप्पा वर्षानुवर्षे त्या विरोधामुळे वाढलेल्या दाबाशी झगडून जाड झालेला असतो. दात्याच्या निरोगी हृदयाचा तोच कप्पा पातळ असतो आणि असा दाब त्याने कधी सोसलेला नसतो. त्यातच प्रत्यारोपणात हृदय काही काळ रक्ताविना राहते, आणि रक्त परत सुरू होताना पेशींना आणखी इजा होते. मग तो कप्पा फुगतो आणि हार मानतो.

घाईचा आरोप मात्र झटकून टाकता येत नाही. ज्यावरून दात्याचे हृदय काढता येते, त्या मेंदूमृत्यूला तेव्हा भारतात कायद्याचा आधार नव्हता. तो 1994 साली आला. तरीही सेन यांच्या चमूने आधी केईएमच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रत्यारोपणाचे प्रयोग केले होते, त्यामुळे हे बर्नार्डचे आंधळे अनुकरण नव्हते. 1968 च्याच सप्टेंबरमध्ये त्यांनी केलेल्या दुसऱ्या प्रत्यारोपणाचा रुग्ण 14 तास जगला. फुफ्फुसांचा दाब आधी मोजण्याचा धडा एकट्या परळने दिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. इतर देशांच्या अनुभवातूनही तो पक्का झाला. पण आज प्रत्येक रुग्णाच्या हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालून तो दाब मोजतात, तो औषधाने उतरतो का ते पाहतात, आणि उतरत नसेल तर एकटे हृदय बसवत नाहीत. त्या तीन तासांचे मोल मी या तपासणीत मोजतो, पहिलेपणाच्या मानात नाही.

केईएममध्ये पुन्हा हृदय प्रत्यारोपण झाले ते जुलै 2024 मध्ये, 56 वर्षांनी.