शुक्रवार दुपारचा शब्बाथ: व्हेनिस बीचवरचे आजी-आजोबा

आज आपण जाणार आहोत 1970 च्या दशकातल्या लॉस एंजेलिसला, व्हेनिस बीचवर. व्हेनिस म्हटलं की रोलर स्केट्स, बॉडीबिल्डर, हिप्पी असंच डोळ्यांसमोर येतं ना? पण त्याच किनाऱ्यावर एक साधासा हॉल होता, इस्राएल लेव्हिन सेंटर. तिथे जमायचे ऐंशी-नव्वदीचे ज्यू आजी-आजोबा.

हा वृद्धाश्रम नव्हता हं. आसपासच्या भाड्याच्या खोल्यांत ही मंडळी बहुतेक एकेकटी राहायची. दुपारी स्वस्तात गरम जेवण मिळायचं म्हणून यायची, आणि भांडायलाही यायची! बहुतेकांचा जन्म पूर्व युरोपातल्या खेड्यांतला. तरुणपणी अमेरिकेत आले, कित्येकांनी कपडे शिवायच्या कारखान्यांत आयुष्य काढलं. मुलं शिकली, मोठी झाली आणि लांब राहायला गेली.

आता बघा, ज्यू धर्मात आठवड्याचा मोठा सण म्हणजे शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो, शनिवारी रात्री संपतो. (आपल्या कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे, आठवतंय?) शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या त्या संध्याकाळी, घरात, घरच्या बाईने. पण व्हेनिसमधल्या आजीला अंधारात रस्त्यावर यायची भीती, आणि घरी लावावी तर समोर बसायला कोण? मग सेंटरने शब्बाथच दुपारी आणला! भर उन्हात, जेवणाच्या टेबलांमध्ये, सगळ्यांसमोर मेणबत्त्या लागायच्या. नियमाच्या पुस्तकात हे बसत नाही. त्यात यातले कित्येक जण समाजवादी विचारांचे, देवाधर्माशी फारसं देणंघेणं नसलेले. पण मेणबत्ती लावणारी आजी डोळ्यांवर हात धरायची तेव्हा ते हात तिच्या आईकडून, आजीकडून आलेले असायचे. तिथे वाद संपायचा.

हे सगळं आपल्याला कळलं बार्बरा मायरहॉफ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंमुळे. आधी त्यांनी मेक्सिकोतल्या हुइचोल आदिवासींवर काम केलं होतं. वार्धक्यावर अभ्यास करायचं ठरल्यावर त्या मेक्सिकन वंशाच्या वृद्धांकडे गेल्या, तर त्यांनाच प्रश्न आला, तुम्ही तुमच्या लोकांचा अभ्यास का नाही करत? मग त्या इथे आल्या. त्यांचं ‘नंबर अवर डेज’ हे पुस्तक याच सेंटरवर आहे. त्याच नावाची लिन लिटमन यांची छोटी डॉक्युमेंटरी 1976 ची, आणि तिला ऑस्कर मिळालं.

मला सगळ्यात आवडलेला प्रसंग म्हणजे या लोकांचा पदवीदान समारंभ. सेंटरमध्ये यिद्दिश इतिहासाचा वर्ग चालायचा. तो संपल्यावर समारंभ कसा करायचा? ज्यू परंपरेत ग्रंथाचा अभ्यास पूर्ण झाला की ‘सियुम’ करतात. आपल्याकडे पारायणाची सांगता होते ना, साधारण तसं. यांनी सियुम आणि अमेरिकन कॉलेजचं ग्रॅज्युएशन सरळ एकत्र शिवलं. भाषणं झाली, प्रमाणपत्रं दिली गेली. यात काय एवढं? तर जुन्या खेड्यांत तालमूद शिकायचे ते मुलगे, मुली नाही. आणि अमेरिकेत आल्यावर कॉलेजची फी कुणाला परवडणार होती? ज्या बायकांना दोन्हीकडे दार बंद होतं, त्या आता प्रमाणपत्र घ्यायला पुढे येत होत्या.

मायरहॉफ म्हणतात की विधी हा माणसांनीच बनवलेला असतो, पण हे बनवणं दिसलं की तो फसू शकतो. इथे तर टाके लांबूनही दिसत होते. तरी तो फसला नाही. का, यावर त्यांनी बरंच लिहिलंय. मला वाटतं, फसू न देण्याची गरज तिथल्या प्रत्येकाला होती.

आणि एक वाढदिवस. सेंटरच्या एका जुन्या अध्यक्षांचा, 95 वा. ते फार आजारी होते, तरी कार्यक्रम ठरल्याप्रमाणेच करायचा असं त्यांनी सांगितलेलं. आले, भाषण केलं, खुर्चीत बसले आणि तिथेच गेले. नंतरचं ऐका. आपल्या शंभरीपर्यंत दरवर्षी हा वाढदिवस सेंटरमध्ये व्हावा म्हणून त्यांनी पैसे देऊन ठेवले होते. आपण असू वा नसू!

बाहेर किनाऱ्यावर मात्र वेगळंच चाललं होतं. भाडी वाढत होती, म्हाताऱ्यांची वस्ती घटत होती. एकदा एका आजींना सायकलची धडक बसली आणि त्या गेल्या. सायकलवाला मुलगा म्हणाला, मला त्या दिसल्याच नाहीत. सेंटरच्या लोकांनी काय केलं? रिकामी शवपेटी घेऊन त्याच किनाऱ्यावरून मोर्चा काढला. शुक्रवारच्या मेणबत्त्यांपासून चाललेली गोष्ट तीच होती, आम्हाला बघा. फक्त आता ती हॉलच्या बाहेर आली होती.

मायरहॉफ यांनी हा विषय स्वीकारण्यामागे एक साधं कारण होतं: हुइचोल आपण कधीच होणार नाही, पण ज्यू म्हातारी एक दिवस नक्की होणार. जानेवारी 1985 मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. वय होतं 49.