कंदिसा : भोपाळपासून कुर्डीपर्यंत

भोपाळमध्ये गोमंतकीयाला घरच्यासारखी वाटेल अशी एक वास्तू आहे. श्यामला टेकडीवरचे भारत भवन. तिथल्या पायऱ्या, गच्च्या आणि अंगणे मोठ्या तलावाकडे उतरत जातात आणि पणजीच्या कला अकादमीतून मांडवीकडे पाहिल्याची आठवण होते. यात नवल नाही. दोन्ही इमारती चार्ल्स कुरैय्या यांच्या. त्यांचे कूळ बार्देशातल्या मयड्याचे.

भारत भवन १९८२ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. तिथे चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी एक धाडस केले. शहरी चित्रकारांची चित्रे आणि आदिवासींची चित्रे त्यांनी एकाच छपराखाली, एकाच मानाने मांडली. पाटणगढ या खेड्यातला जनगढसिंह श्याम हा तरुण त्यातूनच पुढे आला. तो परधान गोंडांपैकी. बाणा हे तंतुवाद्य वाजवून देवांच्या आणि राजांच्या कथा गाणारी ही जमात. गाणाऱ्यांचा हा मुलगा रंगांकडे वळला आणि भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतीवरही पोचला. ते विधान भवनही कुरैय्यांचेच.

मी भोपाळला गेलो तेव्हा हे सगळे डोळे भरून पाहिले. पण परतताना मनात घोळत होता तो एक संगीताचा अल्बम, 'इंडियन ओशन' या दिल्लीच्या बॅण्डचा 'कंदिसा'. भारत भवनाने भिंतींवर जे केले, तेच या मंडळींनी सुरांत केले असे मला वाटते.

रॉक म्हटले की आपल्याकडे अजूनही काही जणांच्या कपाळाला आठी पडते. पण त्यात 'प्रोग्रेसिव्ह' नावाचे एक घराणेच म्हणावे असे आहे. तीन मिनिटांत गाणे आटोपायचे नाही, बैठकीसारखे रंगवत न्यायचे, ही त्याची रीत. सत्तरच्या दशकात इंग्लंडात ते भरात होते. मग मागे पडले आणि ऐंशीच्या दशकात 'मॅरिलियन'सारख्यांनी ते पुन्हा उभे केले. हा नवा प्रवाह पोलंडमध्येही रुजला. वॉर्सॉचा 'कोलाज' हा बॅण्ड १९८५ चा. त्यांचा १९९० चा पहिला अल्बम पोलिश भाषेत होता, पण ज्याने त्यांचे नाव झाले तो १९९४ चा 'मूनशाईन' इंग्रजीत. जगाने ऐकावे म्हणून त्यांनी भाषा बदलली. त्यांना दोष देता येत नाही, आपल्याकडचेही कितीतरी गायक त्याच वाटेने गेले.

'इंडियन ओशन'चा जन्म १९९० चा. मार्च २००० मध्ये 'कंदिसा' आला. सात रचना, गिटार, तबला, ड्रम्स, लांबलांब वाद्यमेळ, म्हणजे ठेवण पाहिली तर त्याच घराण्याच्या शेजारची. पण भाषा? एक गीत भोजपुरीतले, कवी गोरख पांडे यांचे. एक नर्मदेच्या खोऱ्यातले, 'मा रेवा'. एका रचनेचे नावच 'खजुराहो'. आणि ज्याच्यावरून अल्बमला नाव मिळाले ते 'कंदिसा' चक्क सिरियाक भाषेतले. इंग्रजीची कास न धरता हा अल्बम देशभरच्या तरुणांनी डोक्यावर घेतला.

'मा रेवा'ची कथा सांगण्यासारखी आहे. बॅण्डचा गायक आणि बेस गिटारवादक राहुल राम याने अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातील विषांवर डॉक्टरेट मिळवली. नोकरी करून सुखात राहता आले असते. पण परत येऊन तो नर्मदा बचाव आंदोलनात शिरला आणि काही वर्षे खोऱ्यात राहिला. रेवा म्हणजे नर्मदाच. तिची ही स्तुती तिच्या काठचे लोक पिढ्यान्‌पिढ्या गात आले. मोर्चे घेऊन हीच माणसे भोपाळला येत. एकीकडे आदिवासींची कला मानाने मांडणारे शहर, दुसरीकडे त्यांची गावे पाण्याखाली जाताना गाऱ्हाणे ऐकायचे तेही हेच शहर. ही विसंगती मला तिथे फिरताना सारखी टोचत होती.

अल्बम आला त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० ला, सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचे बांधकाम पुढे नेण्यास परवानगी दिली. २०१७ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोचले. मध्य प्रदेशातली कितीतरी गावे त्यात गेली. महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातलीही ३३ गावे बाधित झाली. धरणाने गुजरातला पाणी दिले, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण घाट, देवळे, शेते गेली, त्यांची भरपाई कोणत्या मापाने मोजायची?

आता 'कंदिसा'कडे वळू, कारण इथे आपला गोवा येतो. कंदिसा म्हणजे पवित्र. केरळच्या सीरियन ख्रिश्चनांचे हे जुने स्तोत्र. १५९९ च्या जूनमध्ये कोचीजवळच्या उदयंपेरूरला एक धर्मसभा भरली. ती बोलावणारे होते गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस. रोमला मान्य नसलेले सिरियाक ग्रंथ पाखंडी ठरवून दुरुस्त करावेत किंवा जाळावेत, असे तिथे ठरले. १६५३ मध्ये मट्टनचेरीला त्याविरुद्ध लोकांनी शपथ घेतली. ग्रंथ जळाले, पंथ फुटले, पण स्तोत्र गळ्यात राहिले. चारशे वर्षांनी ते दिल्लीच्या चार पोरांनी गिटारवर धरले. गोव्यातून निघालेल्या हुकुमाला यापेक्षा सुरेल उत्तर कोणते असेल?

हे सगळे मला कुर्डीपाशी आणून सोडते. साळावली धरणात गेलेले सांगे तालुक्यातले कुर्डी. तिथली माणसे वाडे आणि वालकिणीला हलवली गेली. प्राचीन महादेव मंदिराचा दगड न्‌ दगड उचलून दुसरीकडे पुन्हा रचला. मे महिन्यात पाणी उतरले की जुने ग्रामस्थ आपल्या घरांच्या जोत्यांपाशी जातात, सोमेश्वराच्या देवळात जमतात. मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. गावाचे नाव आज जगाला ठाऊक आहे ते त्यांच्या गाण्यामुळे. ते गाणे त्यांनी कन्येला, किशोरीताईंना दिले आणि तिथून ते पुढे गेले.

दगडाला सरकारी खाते असते. गाण्याला फक्त गाणारा आणि शिकणारा असतो. आपल्या धालोच्या गीतांना, घुमट आरत्यांना आज शिकणारे किती उरले, ते प्रत्येकाने आपापल्या वाड्यावर मोजून पाहावे. राहुल रामने खोऱ्यात राहून एक गाणे कानात साठवले म्हणून ते हजारोंपर्यंत पोचले. आपल्या घरातल्या आजीजवळ बसायला तर इतका लांबचा प्रवासही करावा लागत नाही.