कानातली जिनिंग

अण्णा खामगावच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षं होते. घरी बसल्यावर रात्री उठून आईला म्हणायचे, "अजून बी चालूच हाये वं." बाहेर चिटपाखरू नसायचं. आम्हाला वाटे, म्हातारा भ्रमला. मीच एकदा हात धरून त्यांना अंगणात नेलं आणि म्हटलं, ऐका, कुठं आहे आवाज? ते काही बोलले नाहीत.

ते गेल्यावर काही वर्षांनी दाढ काढायला गेलो असताना लिग्नोकेनच्या बाटलीसोबतचा बारीक अक्षरांतला कागद वाचला. दुष्परिणामांत लिहिलं होतं : कानात आवाज येणे. तिथून माझा शोध सुरू झाला.

तक्रार जुनीच. सुश्रुतसंहितेतल्या अठ्ठावीस कर्णरोगांत कर्णनाद आहे. पण तो आवाज निघतो कुठून, याचा धागा भुलेच्या औषधांनी दिला, तोही उलट्या बाजूने. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर केला आणि स्थानिक भूल आली. त्याच शहरातला रॉबर्ट बारानी कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियावरच्या कामासाठी १९१४ च्या नोबेलचा मानकरी ठरला. बातमी आली तेव्हा तो रशियाच्या युद्धकैदेत होता. पुढे स्वीडनमध्ये उप्साला इथे स्थिरावल्यावर १९३५ साली त्याने लिहिलं, की भुलेचं औषध शिरेतून दिलं तर कानातला आवाज काही वेळ दबतो. पुढच्याच वर्षी तो वारला. लिग्नोकेन तेव्हा जन्मलंच नव्हतं. ते लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये स्टॉकहोमला तयार केलं.

हे औषध मज्जातंतूंतले सोडियमचे दरवाजे अडवतं, म्हणून संदेश पुढे सरकत नाही. मग ते कानात काम करतं की मेंदूत? २००५ साली केंब्रिजच्या संशोधकांनी याचं उत्तर अशा रुग्णांत शोधलं, ज्यांची गाठ काढताना त्या बाजूचा आतला कानच काढून टाकावा लागला होता. कान मेंदूपासून तुटलेला, तरी आवाज चालूच. आणि लिग्नोकेन शिरेतून दिल्यावर त्यांतल्या बहुतेकांचा आवाज कमी झाला. म्हणजे औषध कानात नव्हे, मेंदूतल्या श्रवणमार्गावर पोचत होतं. कानाकडून येणारं कमी झालं की मेंदू आपल्याकडचा आवाज वाढवतो, असं आज बरेच अभ्यासक मानतात. जिनिंगच्या गोंगाटाने बहिऱ्या झालेल्या माणसाला हे लागू पडावं.

औषध म्हणून मात्र ते टिकलं नाही. आराम घटकाभराचा, आणि मात्रा चढली तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. गंमत अशी, की रक्तात ते जास्त झाल्याची पहिली खूण म्हणजे ओठांना मुंग्या आणि कानात तोच आवाज. भूलतज्ज्ञ रुग्णाला मुद्दाम विचारतात, कानात काही वाजतंय का?

अण्णांना असं कोणी विचारलं नाही. ते उशाशी ट्रान्झिस्टर ठेवायचे, स्टेशन बंद झाल्यावरची खरखर लावून. त्यावर त्यांना झोप लागायची. सेल संपतात म्हणून आई रागवायची, आणि ते झोपले की मी उठून तो बंद करायचो.