एका राजक्रीडेची शिकवणी

गतवर्षी नाताळच्या सुटीत आम्ही सहकुटुंब मुलकीस श्रीवेंकटरमणाच्या दर्शनास गेलो होतो. सेवा यथासांग पार पडली, प्रसादभोजन झाले, आणि परतीच्या प्रवासास अद्याप दोन दिवस अवकाश होता. शांभवी नदी सागरास मिळते त्या बाजूच्या पुळणीवर समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन आरूढ होण्याची विद्या शिकवितात, हे आमच्या नातीने कोठूनसे ऐकले होते. या विद्येस इंग्रजीत सर्फिंग म्हणतात. आम्ही येथे तरंगारोहण म्हणू. नातीने हट्ट धरला. एका शिष्यास एक शिक्षक अशा खाजगी शिकवणीचे शुल्क भरून झाले, आणि आयत्या वेळी तीच पडशाने अंथरुणास खिळली. भरलेले पैसे वाया जाऊ नयेत, या गृहस्थाश्रमास साजेशा विचाराने तिच्या जागी साठी उलटलेले आम्ही उभे राहिलो.

शिक्षक तिशीच्या आतला एक मोगवीर तरुण होता. त्याने प्रथम आम्हांस पाण्याजवळ जाऊच दिले नाही. वाळूवर फळी ठेवून तीवर पालथे निजावे, हात बरगड्यांशी टेकावे, छाती उचलावी आणि एका हिसक्यासरशी दोन्ही पाय अंगाखाली घेऊन तिरपे उभे राहावे, हा पाठ त्याने वीस वेळा तरी गिरवून घेतला. मग मागल्या पायाच्या घोट्यास फळीची दोरी बांधली, आणि छातीइतक्या पाण्यात नेऊन आमच्या पाठीशी तो उभा राहिला. कोणती लाट घ्यावी हे तोच ठरवी, आणि नेमक्या क्षणी फळी ढकलून देई. “पायांकडे पाहू नका, किनाऱ्याकडे पाहा,” एवढाच त्याचा मंत्र. आम्ही अकरा वेळा पडलो. बाराव्या खेपेस उभे राहिलो, ते एकदा रामनाम घेता येईल इतका वेळ. परंतु तेवढ्या वेळात समुद्राने आपणांस उचलून घेतले आहे, असा जो अनुभव आला, तो शब्दांत सांगणे कठीण.

बाहेर आल्यावर आम्ही सवयीने विचारले, “ही विद्या तुम्हांस कोणी दिली?” तो म्हणाला, येथल्याच एका थोरल्या मुलाने, त्यास आश्रमातल्या स्वामींनी. हा आश्रम अमेरिकेतून आलेल्या चैतन्यसंप्रदायी वैष्णव साधूंचा. २००४ च्या सुमारास त्यांनी येथील मुलांस ही विद्या शिकविण्यास आरंभ केला. त्या साधूंस ती अमेरिकेच्या किनाऱ्यावर मिळाली. आणि अमेरिकेस कोणी दिली? गुरुपरंपरा सांगताना मूळ पुरुषापर्यंत जाण्याची आपली रीत आहे. त्या रीतीने आम्ही शोध घेतला, तो प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर, आणि विशेष म्हणजे एका देवळापाशी जाऊन पोहोचला.

हवाईच्या भाषेत या क्रीडेस ‘हेए नालू’ म्हणतात. हेए म्हणजे घसरत जाणे, नालू म्हणजे लाट. लाटेवर स्वार होणे पॉलिनेशियाच्या इतर बेटांसही ठाऊक होते. परंतु लांब फळीवर उभे राहून ते करण्याची कला हवाईत पूर्णत्वास गेली. हवाई बेटावर काहालूउ नावाच्या उपसागराच्या काठी कुएमानू हे दगडी जोत्याचे प्राचीन देवस्थान आजही आहे. तरंगारोहणाशी निगडित देवस्थान म्हणून ते प्रसिद्ध असून, समोरच्या लाटा येथून स्पष्ट दिसतात. त्याच्या अगदी शेजारी आता निळ्या रंगाचे एक चिमुकले ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभे आहे. हे चित्र पाहून गोमंतकीय वाचकांस निराळे काही सांगावयास नको.

फळी करणे हेही तेथे केवळ सुताराचे काम नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदल्या गेलेल्या माहितीप्रमाणे, योग्य वृक्ष निवडल्यावर त्याच्या बुंध्याशी तांबडा कुमू मासा अर्पण करीत, वृक्ष तोडल्यावर मुळाशी खड्डा करून प्रार्थनापूर्वक तो मासा पुरीत, आणि मगच तासणीस आरंभ होई. पोवळ्याच्या खडबडीत दगडाने फळी घासून गुळगुळीत करीत, तीस काळा रंग देत, आणि वापरून झाल्यावर वाळवून, खोबरेल चोळून, वल्कलवस्त्रात गुंडाळून ठेवीत. यासाठी वापरावयाच्या लाकडांची नावे ऐकून वाचकांस आपुलकी वाटेल : उलू म्हणजे आपला नीरफणस, विलिविली हा आपल्या पांगाऱ्याचा सगोत्र, आणि कोआ हा बाभळीचा दूरचा नातलग. पंधरा-वीस फूट लांबीची ‘ओलो’ ही फळी सरदार व राजे यांची. आखूड, पातळ ‘आलाया’ सर्वांची. स्त्रिया, पुरुष, मुले सारेच लाटांवर जात. लोनो देवाच्या माकाहिकी उत्सवात सुमारे चार महिने युद्ध वर्ज्य असे, आणि तो काळ नृत्य, मल्लयुद्ध व तरंगारोहण यांत जाई.

कॅप्टन कुक याची जहाजे १७७८ साली या बेटांस लागली. पुढील वर्षी तेथेच तो मारला गेला. त्याचे प्रवासवृत्त पुरे करणाऱ्या लेफ्टनंट जेम्स किंग याने या क्रीडेचे विस्तृत वर्णन लिहिले, ते १७८४ साली छापले गेले. जहाजांबरोबर रोगही आले. कितीतरी लाखांच्या वस्तीचा तो देश शतकभरात इतका ओसाडला की, १८९० च्या शिरगणतीत मूळ हवाई रक्ताचे, संकर धरूनही, चाळीस हजारांच्या आसपास लोक उरले.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. जुना धर्म प्रथम परकीयांनी मोडला नाही. १८१९ साली पहिला कामेहामेहा राजा निवर्तला, आणि त्याच वर्षी त्याची राणी काआहुमानू व पुत्र लिहोलिहो यांनी स्त्रीपुरुषांची सहपंक्ती करून ‘कापू’ या नावाचे सर्व धर्मनिर्बंध झुगारून दिले. देवळे पाडली, मूर्ती जाळल्या. पुढल्याच वर्षी, १८२० मध्ये, बोस्टनहून निघालेले मिशनरी किनाऱ्यास लागले, तेव्हा त्यांस देवावाचून रिकामा देव्हारा मिळाला. तरंगारोहणातील उघडे अंग, स्त्रीपुरुषांचा मुक्त वावर व पैजा त्यांस पसंत नव्हत्या. त्यात चंदनाच्या व्यापारापायी रयतेस डोंगरात राबावे लागले, मागाहून उसाचे मळे आले, जमिनी हातच्या गेल्या. ज्या देशात मृत्यू घरोघर फिरत आहे आणि उरलेल्यांस कामातून सवड नाही, तेथे लाटांकडे कोणी पाहावे?

तरीही विद्या निखालस मेली नाही. १८६६ साली मार्क ट्वेन हा अमेरिकन विनोदी लेखक तेथे गेला असता त्याने लोकांस फळीवर जाताना पाहिले आणि स्वतः यत्न केला. फळी किनाऱ्यास पोहोचली, लेखक मात्र पाण्याच्या तळाशी गेला. आणि ही कला त्या देशच्या लोकांवाचून कोणास साधणार नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. त्यास शिक्षक नव्हता, हे येथे ध्यानात ठेवावे.

१८८५ साली कॅलिफोर्नियात शिकत असलेल्या तिघा हवाई राजपुत्रांनी सांता क्रूझ येथे रेडवुडच्या फळ्या करवून नदीच्या मुखाशी तरंगारोहण केले. अमेरिकेच्या भूमीवरील ही पहिली ज्ञात घटना होय. परंतु राजपुत्रांचे राज्यच फार दिवस टिकावयाचे नव्हते. १८९३ साली गोऱ्या मळेवाल्यांच्या व व्यापाऱ्यांच्या गटाने, अमेरिकन सैनिक किनाऱ्यावर उतरले असता, राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत केले. १८९६ मध्ये शाळांतून हवाई भाषेस रजा मिळाली. १८९८ मध्ये देश अमेरिकेत विलीन केला गेला. १९०१ साली वाइकीकीच्या पुळणीवर मोआना हे भव्य हॉटेल उघडले, आणि सुटीस आलेला प्रवासी हा त्या किनाऱ्याचा नवा राजा झाला.

आता शिकवणीचे युग सुरू होते. १९०७ साली सुप्रसिद्ध कादंबरीकार जॅक लंडन आपल्या नौकेने होनोलुलूस आला. अलेक्झांडर ह्यूम फोर्ड नावाच्या उत्साही गृहस्थाने त्यास फळी दिली, आणि योग्य लाट येताच मागून ढकलून दिले. मुलकीस आमच्या शिक्षकाने केले तेच! लंडनचे अंग उन्हाने इतके भाजले की, त्यास अंथरूण धरावे लागले. परंतु त्याच वर्षी त्याने लिहिलेल्या लेखाने ही ‘राजक्रीडा’ जगभर गाजविली. या लेखात ज्याच्या कौशल्याचे वर्णन आहे, तो जॉर्ज फ्रीथ हा अंशतः हवाई रक्ताचा तरुण. तो १९०७ सालीच कॅलिफोर्नियास गेला, तेथे लाटांवरची आपली कला दाखवीत व शिकवीत राहिला, बुडणाऱ्यांस वाचवीत राहिला, आणि १९१९ साली इन्फ्लुएंझाच्या साथीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. मुलकीच्या परंपरेतील अमेरिकेचा दुवा येथे सांधला जातो.

फोर्डने १९०८ साली काढलेल्या क्लबात बहुतांशी गोऱ्यांचाच भरणा होता. म्हणून हवाई तरुणांनी ‘हुई नालू’, म्हणजे लहरींचे मंडळ, हे आपले निराळे मंडळ १९११ साली रीतसर उभारले. त्यांतील पुष्कळांचा चरितार्थ प्रवाशांस फळीवर उभे करण्यावर चाले. त्यांस ‘बीच बॉय’ म्हणत. केस पिकलेल्या पुरुषासही ‘बॉय’च! ज्याच्या आजाने ती लाट आपल्या राजाबरोबर भोगली, तो आता तासाच्या हिशेबाने पाहुण्यांची फळी ढकली आणि सायंकाळी त्यांच्यासाठी उकुलेले वाजवी. हे वाद्यही १८७९ साली माडीरा बेटातून मजुरीस आलेल्या पोर्तुगीजांनी आणलेल्या लहान तंतुवाद्यापासून निघालेले. १९२० साली इंग्लंडचा युवराज येथे फळीवर चढला. १९२२ साली अगाथा क्रिस्ती ही लेखिका पतीसह सुटीवर आली आणि पडत-झडत उभी राहावयास शिकली.

परंतु याच ‘बॉय’ लोकांतून ड्यूक कहानामोकु हा पुरुषश्रेष्ठ निपजला. १८९० साली जन्मलेल्या ड्यूकने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. १९१४-१५ च्या हंगामात त्याने सिडनीजवळ तेथल्याच लाकडाची फळी स्वहस्ते घडविली, लाटांवर जाऊन दाखविले, आणि इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या मुलीस आपल्या फळीवर घेतले. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात एक नौका उलटली असता त्याने फळीवरून फेऱ्या करून आठ जणांचे प्राण वाचविले. १९६८ साली तो वारला, तेव्हा त्याच्या अस्थींचे विसर्जन वाइकीकीच्या समुद्रातच झाले. तरंगारोहणास ऑलिंपिकमध्ये स्थान मिळावे ही त्याची इच्छा २०२१ साली टोकियो येथे फळास आली, आणि स्त्रियांचे पहिले सुवर्णपदक हवाई वंशाच्या, होनोलुलूच्याच कॅरिसा मूर हिने जिंकले. दरम्यान १९७८ मध्ये हवाई भाषाही पुन्हा राजभाषा झाली होती. १६८४ चे कोंकणीविरुद्धचे फर्मान आणि १९८७ चा राजभाषा कायदा ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या दोन तारखांमधील अंतर काय असते हे समजेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पूजेअर्चेने वेढलेली विद्या हॉटेलापुढे तासाने विकली गेली, हा तिचा अधःपात नव्हे काय? मनुस्मृतीने वेतन घेऊन पढविणाऱ्या भृतकाध्यापकास श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले आहे, आणि प्रथमदर्शनी आमचेही मत तसेच झाले होते. परंतु इतिहास पाहता आम्हांस ते बदलावे लागले. देऊळ पडले, राज्य गेले, भाषा शाळेतून हद्दपार झाली, तेव्हा या विद्येस आश्रय देण्यास दुसरे कोण उरले होते? ज्यांच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात आपली दैवते रात्रीच्या अंधारात नदीपलीकडे अंत्रुजात नेली, त्यांस हे उमगणे कठीण नाही की, संकटकाळी दैवत कोठे ठेविले यापेक्षा ते राखले हे महत्त्वाचे. ‘बीच बॉय’ने आपली विद्या शिकवणीत ठेविली, म्हणून ती राखली गेली.

मात्र विद्या राखणाऱ्याचे ऋण शुल्काने फिटत नाही. अधःपात झालाच असेल, तर तो शुल्क घेणाऱ्याचा नव्हे. शुल्क देऊन ज्यांनी गुरूस ‘बॉय’ म्हटले, त्यांचा होय. तासाची किंमत देता येते. लाट ओळखणाऱ्या नजरेची नाही. ती नजर कैक पिढ्यांची असते, आणि शिष्याने निदान ती कोठून आली हे विचारावे, शिकविणाऱ्याचे नाव जाणून घ्यावे, एवढे तरी तो करू शकतो.

हवाईत समुद्र शांत असला म्हणजे लाटा उठाव्यात म्हणून पोहुएहुए नावाच्या वेलीने पाणी झोडपून मंत्र म्हणत. ही वेल म्हणजे आपल्या किनाऱ्यावरची जांभळ्या फुलांची मर्यादवेल. मुलकीची पुळण तीच वेल अंगावर पांघरून पडलेली होती. निघताना आम्ही त्या तरुणाचे नाव विचारले आणि हात जोडून त्यास नमस्कार केला. वयाने आम्ही वडील. तो संकोचला, आणि घाईने वाकून आमच्या पायांस हात लावू लागला. आम्ही त्यास थांबविले. त्या पुळणीवर तो क्रम उलटा होता.