छांदिष्ट राजा आणि यादी करणारा न्यायाधीश

‘गीक’ आणि ‘नर्ड’ हे दोन शब्द आता मराठी घरांतही ऐकू येतात, आणि बहुतेक वेळा एकाच अर्थाने. दोन्हींचा ‘पुस्तकी किडा’ करून आपण मोकळे होतो. पण हे शब्द जी पोरे रोज वापरतात त्यांना फरक नेमका ठाऊक असतो. गीकला वस्तूचे वेड. ती मिळवायची, उघडून बघायची, चालवून बघायची, मग चारचौघांना बोलावून दाखवायची. नर्डला विषय पुरतो. तो विषय घेऊन कोपऱ्यात बसतो, आणि कोणी बघते आहे का याची त्याला फिकीर नसते.

मराठीत पहिल्याला छांदिष्ट म्हणावे, दुसऱ्याला व्यासंगी. अडचण एवढीच की आपल्याकडे या दोन शब्दांची पत सारखी नाही. व्यासंगी हा शाल-श्रीफळ देताना उच्चारायचा शब्द आहे. छांदिष्ट म्हणताना ओठांवर थोडे हसू येते, आणि त्याच्या एक पायरी खाली छंदीफंदी बसलेलाच असतो. गंमत अशी की संस्कृतात ‘व्यासंग’ इतका सोवळा नव्हता. कशालातरी चिकटून राहणे आणि त्यापायी बाकीचे भान सुटणे, असे दोन्ही अर्थ त्यात होते. 

इंग्रजी शब्दांचे कूळही फारसे प्रतिष्ठित नाही. ‘गीक’च्या मागे मूर्ख अशा अर्थाचा जुना बोलीतला शब्द आहे, पुढे अमेरिकेतल्या जत्रांत जिवंत कोंबडीची मान दातांनी तोडून दाखवणाऱ्या माणसाला गीक म्हणू लागले. लोक पैसे मोजून तंबूत शिरत आणि त्याला बघत. ‘नर्ड’ छापलेला पहिल्यांदा सापडतो तो 1950 साली, डॉ. स्यूस यांच्या ‘इफ आय रॅन द झू’ या मुलांच्या पुस्तकात. एक मुलगा आपल्या मनातल्या प्राणिसंग्रहालयात आणायच्या चित्रविचित्र जनावरांची यादी करतो, त्यातले हे एक. पुढच्याच वर्षी ‘न्यूजवीक’ने तो डेट्रॉइटमधल्या तरुणांच्या बोलीतला शब्द म्हणून नोंदवला. म्हणजे एक शब्द तंबूतला आणि दुसरा, निदान छापील जन्मापुरता, पिंजऱ्यातला. दोन्हींत कोणीतरी बघणारा आहे.

हा बघणारा ध्यानात ठेवला तर तंजावरचे सरफोजी राजे वेगळे दिसू लागतात.

सरफोजी 1777 साली जन्मले. तुळजाराजांनी 1787 मध्ये मृत्यूच्या आधी थोडे दिवस त्यांना दत्तक घेतले, पण गादीवर बसले ते तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंग. मुलाचे रक्षण आणि शिक्षण जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी पाहिले. पुढे त्याला मद्रासला हलवावे लागले. वाद मिटून सरफोजी 1798 मध्ये गादीवर आले, आणि 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. विशीतला, शिकलेला, हाताशी पैसा असलेला आणि राज्य चालवण्याच्या कामातून मोकळा केलेला राजा. छांदिष्ट घडवायला याहून चांगली व्यवस्था कोणी मुद्दाम केली असती तरी जमली नसती.

मग वस्तू यायला लागल्या. तंजावरचे माजी रेसिडेंट बेंजामिन टोरिन लंडनला परतल्यावर तिथून पुस्तके आणि उपकरणे धाडत. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशी युरोपीय भाषांतली चार हजारांवर पुस्तके जमली, आणि कितीतरींवर राजांनी आपली सही केली. शरीररचना शिकायला मानवी सांगाडा हवा होता, पण खरी हाडे राजवाड्यात विटाळ करणार. म्हणून हस्तिदंताचा करवून घेतला. या सांगाड्यात मला गीक पुरता सापडतो. पुस्तकातल्या चित्रावर नर्डचे भागले असते. छांदिष्टाला ती गोष्ट हातात धरायची असते, आणि शास्त्र आड आले तर तो शास्त्रही मोडत नाही आणि हट्टही सोडत नाही, सुताराला बोलावतो.

छापखान्याचे तेच. 1805 च्या सुमारास राजवाड्यात देवनागरी टाइपांचा छापखाना निघाला, नाव ‘नवविद्याकलानिधी’. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण सेरामपूरला त्याच वर्षी छापले गेले होते. 1806 साली तंजावरात ‘बालबोध मुक्तावली’ छापले गेले: इसापच्या गोष्टी, सख्खन पंडितांनी मराठीत केलेल्या. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग छापले ते 1831 मध्ये. पंचवीस वर्षे आधी, कावेरीच्या खोऱ्यात, मराठी मुलांसाठी कोल्हे-करकोचे छापून तयार होते. मराठी मुद्रणाच्या कथेत हे प्रकरण बहुधा एका ओळीत उरकले जाते. ज्या छापखान्यामागे प्रदेश नाही, वाचकवर्ग नाही, चळवळ नाही, त्याला हौस म्हणतात. आणि हौसेला इतिहासात परिच्छेद मिळत नाही.

पण हौस म्हणून सोडून द्यावे तर ‘देवेंद्र कुरवंजी’ आडवे येते. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. विरहिणी नायिकेकडे डोंगरातली कुरत्ती येते, हात बघते, भविष्य सांगते आणि सांगता सांगता आपल्या मुलखाचे, डोंगरांचे, नद्यांचे वर्णन करते. सरफोजींच्या नावावर असलेल्या या मराठी कुरवंजीत ती साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगते, खंडे आणि देश मोजते. भविष्य सांगणाऱ्या बाईच्या तोंडी युरोपीय भूगोल घालण्याची कल्पना फक्त वाचत बसलेल्या माणसाला सुचली नसती. इथे राजांनी नव्या विद्येला गावातल्या रंगभूमीवर नाचायला लावले आहे. आजचा एखादा गीक गुरुत्वाकर्षण लावणीत बसवील, तसे काहीसे. 1802 साली मुक्तांबा या त्यांच्या दिवंगत सहचारिणीच्या नावाने ओरत्तनाडूला उभारलेल्या छत्रात शाळाही होती, तिच्यामागेही हेच: आपल्याला जे सापडले ते दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय चैन न पडणे.

आता बघणाऱ्याकडे येऊ. 1826 च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले. राजांना भेटून त्यांनी एका स्नेह्याला पत्र लिहिले: हा राजा फुर्क्रुआ, लाव्हाझिए, लिनिअस आणि ब्यूफाँ यांचे दाखले सहज देतो, शेक्सपिअरवर बायरनपेक्षा नेमके मत देतो, इंग्रजी कविता लिहितो, आणि शिवाय घोड्याचा पारखी आहे, वाघावर नेम धरताना हात कापत नाही. थोड्याच दिवसांत, 3 एप्रिलला, बिशप त्रिचनापल्लीत वारले. सरफोजींवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण हे पत्र पुढे करतो, आणि आपल्याला बरे वाटते. मला ते वाचताना जत्रेतला तंबू आठवतो. लाव्हाझिएचे नाव घेणारा युरोपीय माणूस हेबरना घरोघर भेटला असता, त्यावर पत्र लिहावेसे वाटले नसते. इथे नवल रसायनशास्त्राचे नाही, ते कोणाच्या तोंडून येते आहे याचे आहे. ज्या कंपनीने राज्य काढून घेतले तिच्याच लोकांपुढे ही विद्या पेश होत होती आणि ते खूश होऊन परतत होते.

तरीही राजांना केवळ प्रेक्षणीय वस्तू ठरवणे मला पटत नाही. आपल्याकडे बघितले जाते हे त्यांना कळत असणार. पाहुण्याला दालने दाखवणारा माणूस पाहुण्यालाही न्याहाळत असतो. श्वार्ट्झ वारल्यावर सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करून घेतले. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. त्यात मरणशय्येवरच्या गुरूचा हात धरलेला तरुण राजा कोरला आहे. स्वतःचे चित्र कुठे आणि कसे लागावे हे ठरवणारा माणूस तंबूतल्या माणसाहून वेगळा असतो, तंबू त्याचाच नसला तरी.

रामदासांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. तंजावरात रामदासी मठ होते, हा समास तिथे वाचला गेलाच असणार. पढतमूर्ख हा गीकही नव्हे आणि नर्डही नव्हे. त्याला कळते पण तो वळत नाही. सरफोजींना ही कसोटी लावावी असे धन्वंतरी महालाचे कागद सुचवतात. तिथे देशी आणि युरोपीय दोन्ही पद्धतींचे वैद्यक चाले. गुणकारी ठरलेल्या औषधांची माहिती तमिळ पद्यात बांधली गेली. नेत्ररुग्णांच्या इंग्रजी नोंदी टिकल्या आहेत, त्यांच्यासोबत रंगवलेली डोळ्यांची चित्रे आहेत. राजे स्वतः मोतीबिंदू काढत अशी एक लोकप्रिय कथा आहे. ती मी बाजूला ठेवतो, कारण मला राजापेक्षा तो चित्रकार जास्त खुणावतो. दुखऱ्या डोळ्यातली लाली कुठवर आहे, बुबुळावरचे पटल केवढे आहे, हे एकेका डोळ्यासमोर बसून त्याने उतरवले. राजवाड्याच्या झगमगाटात हा एक निखळ नर्ड.

असे आणखी किती होते? 1820 ते 1822 राजे काशीयात्रेला गेले आणि येताना हस्तलिखिते घेऊन आले. पोथी मिळवणे हा छंद. ती उतरवून घेणे, पाने लावणे, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून आली हे बघणे, हे काम मान खाली घालून करणाऱ्यांचे. भोसल्यांच्या काळातली आणि त्याआधीच्या नायकांच्या काळातली ताडपत्रे, कागद, बाडे मिळून सरस्वती महाल झाला. तो टिकला मात्र पुढच्या पिढीच्या दुर्दैवातून. सरफोजी 1832 मध्ये गेले. मुलगा शिवाजी 1855 मध्ये पुरुष वारसाविना गेला आणि कंपनीने राज्याचे उरलेले नावही पुसले, वर खासगी मालमत्तेवरही हात टाकला. राणी कामाक्षीबाई लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत भांडल्या. 1859 मध्ये निकाल लागला की हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, न्यायालयाला त्यात शिरता येत नाही.

अशा वाड्यात आर्थर कोक बर्नेल शिरला. तंजावरचा जिल्हा न्यायाधीश, प्रकृतीने खंगलेला, अनेक भाषांचा जाणकार. दक्षिण भारतातल्या लिप्यांवर त्याने 1874 मध्ये पुस्तक काढले होते. अक्षराचे वळण बघून पोथीचे वय सांगणारा माणूस. राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची त्याने केलेली वर्गवार सूची 1880 पर्यंत लंडनमध्ये छापून झाली, आणि 1882 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो वारला. यूलबरोबर केलेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशही त्याला छापलेला दिसला नाही. त्या सूचीत किस्से नाहीत, राजाची तारीफ नाही, वाघ नाही. नाव, लिपी, पाने, पूर्ण की अपूर्ण. बर्नेलही राज्यकर्त्यांपैकीच, हे विसरून चालत नाही; यादी करणे ही सुद्धा ताब्यात घेण्याची एक रीत असते. पण त्या यादीमुळे जगभरच्या अभ्यासकांना कळले की तंजावरात काय आहे, आणि जे कळले आहे ते गुपचूप नाहीसे करणे अवघड जाते. 1918 मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले. 1928 पासून पी. पी. एस. शास्त्रींनी संस्कृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची काढायला घेतली, ती एकोणीस खंडांवर गेली.

राजांचा पुतळा लोक बघतात. एकोणीस खंड उघडायला ज्याला एक विशिष्ट पान हवे असते तोच येतो.

मोडी कागदांची गोष्ट याहून मजेची आहे. दरबाराचे हिशेब, नेमणुका, नाटकमंडळींची बिदागी, मुदपाकखान्याचा खर्च, सारे मोडी लिपीत आणि तंजावरी मराठीत. पाककृतीही लिहून ठेवल्या होत्या. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ म्हणून त्या ग्रंथालयाने छापल्या. 1989 साली या मोडी दस्तऐवजांचे तीन खंड टिपांसह प्रसिद्ध झाले. काढले तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने, तमिळ भाषांतरात. मोडी न येणाऱ्या मराठी माणसाला आपल्या राजाने नर्तकीला किती चक्रम दिले हे बघायचे असेल, तर आधी त्याला तमिळ शिकावी लागते.